ठेवणीतली बाटली

धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवता शिकवता माझी निवृत्ती जवळ आली. दरवर्षी ऑक्सिडीकरणाचा धडा आला की मी परीक्षानळीत आयोडीनचं तपकिरी पाणी घेते, त्यात लिंबू पिळते आणि रंग बघता बघता नाहीसा होतो. मुलं टाळ्या वाजवतात. मला टाळ्या आवडतात. दुसऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असली की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात या स्वभावाचा मोठा वाटा आहे.

माझी धाकटी बहीण बेंबळीला दिलेली. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गेल्या दिवाळीनंतर तिच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचा. साड्या बघायला म्हणून मी तिला आणायला गेले आणि आम्ही दोघी एसटीनं धाराशिवला निघालो. ती खिडकीशी बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. कंडक्टर आला, त्यानं तिच्याकडं ओझरतं बघितलं आणि मला म्हणाला, "आजीचं आधार कार्ड हाय का जवळ? पंच्याहत्तरच्या पुढं असतील तर त्यांना तिकीट लागत न्हाय."

माणूस चांगला होता. आमचा फायदाच बघत होता बिचारा. बहीण त्रेपन्न वर्षांची आहे.

"ही माझी धाकटी बहीण" एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी नुसती हसले आणि दोघींची तिकिटं काढली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी कुणीतरी मला तिची लेक समजलं होतं. ते बरं वाटणं किती वेळ टिकलं म्हणाल, तर गाव मागं पडेपर्यंत. मग ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आक्का, म्या लई म्हातारी दिसायले का गं?"

"कंडक्टरचं काय मनावर घेतेस," मी म्हणाले.

"त्याचं न्हाय गं. लग्नात कन्यादानाला जाऊबाई आन भाऊजी बसणार." त्यांच्या घरी कन्यादान चुलता-चुलतीनं करायचं, असं चालत आलेलं आहे. "माझ्याकडं निसती विहीणभेट. समद्यांम्होरं तिच्या सासूला कुंकू लावायचं, वटी भरायची, गळाभेट घ्यायची. सासू तिची शाळंत बाई हाय. क्येस काळेभोर, टापटीप. तिच्याशेजारी म्या पोरीची आई दिसावी, एवढंच वाटतंय. आजी न्हाय."

लग्न होऊन बेंबळीला गेल्यापासून पस्तीस वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. हेही तसं मागणं नव्हतंच. पण मी ते उचललं. मी म्हणाले, "तू काळजी करू नको, ते माझ्यावर सोड." माझ्यातल्या कॉलेजच्या बाई बोलत होत्या. बाईंना सगळं येत होतं.

तिच्या चेहऱ्याबद्दल आधी सांगायला हवं. लहानपणी आमच्या घरात देखणा चेहरा म्हणजे तिचाच होता. ती गोरी, मी काळीसावळी. येडशीच्या आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे मी नेले आणि पाणी तिनं नेलं. जाताना पाहुण्यांनी वडिलांना बाजूला घेतलं आणि धाकटीसाठी शब्द टाकला. ती तेव्हा बारावीला होती, गणितात माझ्यापेक्षा हुशार. अठरा पूर्ण होताच तिचं लग्न झालं. मला कुणी पसंत करेना, आणि घरात बसवून तरी काय करायचं, म्हणून वडिलांनी मला कॉलेजात घातलं. मी पुढं एमएस्सी झाले ती अशी. त्या दिवसांत मी आरशासमोर रडलेली आहे. तिचा हेवा केलेला आहे.

पुढं शिकल्यावर कळलं, की काळ्या कातडीत जे रंगद्रव्य असतं ते उन्हाचा मारा बराचसा आपल्यावर घेतं. गोऱ्या कातडीला तेवढा आडोसा नसतो. म्हणजे जो रंग मी रडून रडून धुवायला बघत होते त्यानं मला सांभाळलं, वर मला सावलीतली नोकरीही मिळाली. आणि ज्या रंगावर तिला मागणी आली तो रंग घेऊन ती खुरपणीला गेली, सोयाबीन काढायला गेली, ज्वारी काढायला गेली आणि सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं बसली. कपाळावर आठ्या, गालांवर काळे डाग, ओठांभोवती सुरकुत्या, मान तर बघवत नाही. चाळिशीतच तिचा चेहरा असा झाला होता. मी सणासुदीला भेटत होते आणि बघत होते. एका शब्दानं काही बोलले नव्हते.

धाराशिवला आल्यावर औषधांच्या दुकानातून मी तिच्यासाठी दोन वस्तू घेतल्या. एक व्हिटॅमिन सीच्या सीरमची बाटली, गडद काचेची, ड्रॉपर असलेली. दुसरी सनस्क्रीनची ट्यूब. आठवड्याभरानं बेंबळीला जाऊन शिकवणी घेतली. ती स्वयंपाकघरात वांगी चिरत होती आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाकत होती. मला आयता दाखला मिळाला.

"फोडी पाण्यात का टाकतेस?"

"काळ्या पडत्यात म्हणून."

"कशानं?"

"वाऱ्यानं."

"बरोबर. हवेतल्या ऑक्सिजननं. आपल्या कातडीचंही तसंच असतं. उन्हानं, धुरानं कातडीच्या आत काही कण बिथरतात. ते दिसेल त्याला ओरबाडत सुटतात. कातडीला ताठ ठेवणारे जे धागे असतात ते तुटत जातात, म्हणून सुरकुत्या. हे जे सीरम आहे ना, हे अँटिऑक्सिडंट. ते बिथरलेले कण कातडीला भिडायच्या आत हे त्यांना भिडतं. स्वतः खर्ची पडतं आणि कातडी वाचवतं. रोज सकाळी तोंड धुतलं की चार थेंब. वरून ही सनस्क्रीन, दोन बोटं भरून. सीरम एकटं पुरत नाही, दोन्ही पाहिजेत."

तिनं सगळं ऐकून घेतलं. एक फोड हातातच राहिली होती, ती कडेनं तांबूस झाली होती. तिनं ती पाण्यात टाकली आणि थोडा वेळ बघत राहिली.

"आक्का, आदी काळी पडली आन मग पाण्यात टाकली तर ती काय पांढरी हुत न्हाय."

वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. अँटिऑक्सिडंटबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. ते वाचवण्याचं काम करतं. गेलेलं परत आणण्याची ताकद त्यात फारच थोडी. विशीत लावलं असतं, तिशीत लावलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरीही मी म्हणाले, "पडतो थोडा फरक. तू लाव तर."

"थोडा पडला तरी लई झालं," ती म्हणाली.

जाताना मी तिला बजावलं, की सहा महिने हातात आहेत, एक दिवसही चुकवू नको. बाटली कुठं ठेवायची ते मात्र मी सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हे मला माहीत होतं. उजेड, हवा आणि उष्णता यांनी हे औषध बाटलीतच बिघडतं. उघडल्यावर तीनेक महिन्यांत संपवायचं असतं. वांग्याच्या दाखल्यावर मी इतकी खूश होते की हे सांगायचं मला सुचलंच नाही.

हिवाळा गेला. फोनवर मी विचारत होते, "लावतेस ना?" ती "व्हय, व्हय" म्हणत होती. सनस्क्रीनचं काय झालं ते मला भाचीनं सांगितलं. पहिल्याच दिवशी ती लावून ज्वारीच्या रानात गेली. तोंड पांढरंफटक दिसायला लागलं. बरोबरच्या बायका म्हणाल्या, "लगीन पोरीचं हाय का तुजं? पिठात तोंड घालून आलीस व्हय?" तिनं तिथंच पदरानं तोंड पुसलं आणि ट्यूब मुलीला देऊन टाकली. मला हसू आलं होतं. म्हटलं, निदान सीरम तरी लावतेय.

एप्रिलमध्ये, लग्न महिन्यावर आलं तेव्हा, मी बेंबळीला गेले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. भाची आणि बहिणीची सून पापड लाटत होत्या. बहिणीच्या चेहऱ्यात मला काहीच फरक दिसला नाही. उलट उन्हाळ्यानं तो आणखीच करपला होता. मी म्हणाले, "संपली असेल ना बाटली? बघू, दुसरी आणायची का ते ठरवू."

ती उठली. आतल्या पत्र्याच्या खोलीत लोखंडी पेटी होती, तिचं कुलूप काढलं. वरच्या साड्या बाजूला केल्या आणि खालच्या जरीच्या साडीच्या घडीतून रुमालात गुंडाळलेली बाटली काढून माझ्या हातात दिली. चेहऱ्यावर असा भाव, की बघ, किती जपलंय. बाटली जवळजवळ भरलेली होती. मी ड्रॉपर काढला. आतलं पाणी कडक चहाच्या रंगाचं झालं होतं.

"किती वेळा लावलंस?"

"पाच-सा वेळा. तुळजापूरला गेले तवा, आन लग्नाकार्याला. घडीची साडी नेसली की लावायचे. म्हनलं इतकी भारी वस्तू, उगं रानात जाताना कशाला वाया घालवायची. आता लग्नाच्या आदी पंधरा दिस रोज लावणार हाय."

आमच्याकडं ही रीतच आहे. चांगली वस्तू ठेवणीत जाते. नवी चादर पाहुण्यांसाठी, काचेचे कप जावयासाठी, चांगली साडी कुणाच्या तरी लग्नासाठी. माझ्या स्वतःच्या कपाटात अशा किती वस्तू पडून आहेत ते मी मोजलेलं नाही. तिनं तेच केलं, जे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईनं केलं. फक्त या एका वस्तूला ठेवणीत ठेवलेलं सोसत नव्हतं. तापलेल्या पत्र्याखाली, बंद पेटीत, ती रोज थोडी थोडी नासत होती.

एवढं सगळं समोर दिसत असताना माझा पारा चढला. सून आणि भाची उंबऱ्याशी येऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी तिला झापलं. म्हणाले, "ही रोज लावायची वस्तू होती. जीव तोडून समजावून सांगितलं होतं की नाही? पार नासली ही, आता मोरीत ओतायची. चार बुकं शिकली असतीस तर कळलं असतं." आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ सैल सुटली होती. मी म्हणाले, "आणि आता दुसरी आणूनही काय करायची? खरं सांगू का, आता कशाचाच उपयोग नाही."

बहिणीनं माझ्या हातातून बाटली घेतली, टोपण घट्ट लावलं, आणि म्हणाली, "च्या ठेवते." बाटली परत पेटीत ठेवून कुलूप लावायला मात्र ती विसरली नाही.

चार बुकं शिकली असतीस, असं मी तिला म्हणाले. ती का शिकली नाही हे जगात कुणाला ठाऊक असेल तर मला. धाराशिवला परत येताना ते वाक्य मला डाचत होतं. फोन करून माफी मागावी असं वाटलं. लग्न झाल्यावर निवांत बोलू, असं मनाला सांगितलं. लग्नघराची घाई तर होतीच, शिवाय धाकट्या बहिणीची माफी मागायची मला सवय नव्हती.

लग्न येडशीच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होतं. ऊन मी म्हणत होतं. वऱ्हाड उतरलं, व्याही व्याह्यांना भेटले, फेटे बांधून झाले. मग विहीणभेटीचा पुकारा झाला. ताट तयार होतं, फोटोवाला जागा धरून उभा होता आणि बहिणीचा पत्ता नव्हता. तिचे मालक माझ्याकडं आले, "तेवढं बघा की, कुठं ऱ्हायली." मी शोधत शोधत मागच्या कोठीच्या खोलीत गेले. तांदळाच्या पोत्यांशेजारी ती बसली होती. जरीची साडी नेसलेली, केसात गजरा, आणि समोर विड्याच्या पानांचा ढीग. ती पानं पुसून एकावर एक लावत होती. हे काम करायला दहा बाया होत्या.

"अगं चल, तुझ्यासाठी सगळे थांबलेत."

"तूच जा आक्का. तू उभी ऱ्हा."

"काहीतरी काय बोलतेस."

"मावशी म्हंजी आईच की. आन तू शोभतीस. विहीणबाई बी शिकलेल्या, तू बी शिकलेली." तिनं हातातलं पान खाली ठेवलं. "फोटो जलमभर ऱ्हातो. पोरीला त्या घरात नांदायचंय. उद्या कुणी तिला म्हनाय नको, ही तुजी आजी का म्हणून. तू म्हनली व्हतीस ना, आता कशाचा उपेग न्हाय. ते खरंच हाय. म्या रागानं न्हाय म्हनत."

ती खरंच रागानं म्हणत नव्हती. ती रागावली असती तर मी भांडले असते आणि तिला हाताला धरून ओढत नेलं असतं. असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. बाहेरून पुन्हा पुकारा झाला. मी तिथं किती वेळ उभी होते? मिनिटभरसुद्धा नाही. त्या मिनिटात मला सांगता आलं असतं की माझं चुकलं, तू शिकली नाहीस कारण पाहुण्यांनी मला सोडून तुला मागितलं, चल माझ्याबरोबर. मी पदर सारखा केला आणि बाहेर गेले.

विहीणबाईंनी विचारलं, "ताई कुठं आहेत?"

"तिला जरा चक्कर आली आहे उन्हानं," मी म्हणाले. "मला पाठवलंय."

त्या समजूतदार होत्या. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली. त्यांनी माझी भरली. गळाभेट झाली, बायकांनी उखाण्यांचा आग्रह केला, फोटोवाल्यानं हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली आणि मी घेतली. स्टेजवर कुटुंबाचे फोटो झाले तेव्हाही ती पंगतीचं बघत होती. एकदा तिला बोलावणं गेलं, ती "आले, आले" म्हणाली. पुन्हा कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं.

श्रावणात भाची माहेरपणाला आली. येताना लग्नाचा अल्बम घेऊन आली, जाडजूड, मखमली पुठ्ठ्याचा. मी बेंबळीला गेले होते. आम्ही ओसरीवर बसून पानं उलटत होतो. विहीणभेटीचे चार फोटो होते, एक तर पूर्ण पानभर. त्यात मी चांगली दिसते. दहा-बारा वर्षांनी लहान दिसते.

भाचीनं अल्बम शेवटपर्यंत बघितला. मग मागून पुढं चाळला. मग पुन्हा पहिल्या पानापासून एकेक फोटो बोट ठेवून बघायला लागली. पंगतीच्या फोटोत एका कोपऱ्यात वाढणाऱ्या बाईचा पाठमोरा पदर होता, तिथं ती थांबली.

"मावशी, ही आईच आहे ना?"

"हो, साडी तिचीच आहे," मी म्हणाले.

"तोंड कुठंच नाही तिचं. एवढ्या फोटोत एकही नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "विहीणभेटीला आई का नव्हती? मला म्हणाली चक्कर आली होती."

चुलीपाशी बहीण भाकरी थापत होती. तिला सगळं ऐकू जात होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती आतूनच म्हणाली, "आली व्हती गं चक्कर. मावशीला इचार की, तिनंच सांबाळलं मला."

भाची माझ्या तोंडाकडं बघत थांबली. आत थापायचा आवाजही थांबला होता.

"हो," मी म्हणाले. "मीच होते तिच्याजवळ."